मन्ही चूक व्हयनी

नंदुरबारला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझा छापखाना आहे. छापखाना हे नाव वडिलांच्या काळातलं. आता दोन संगणक, एक जुनं ऑफसेट मशीन, आणि फ्लेक्सचं काम बाहेरून करून आणायचं, एवढाच पसारा. लग्नपत्रिका छापतो, दुकानदारांची बिलबुकं छापतो, निवडणुकीत सगळ्या पक्षांची पत्रकं छापतो. नावातल्या वेलांटीवरून भांडणारे लोक मी शेकड्यांनी पाहिले. क्रियापदावरून भांडणारी बाई मात्र एकच पाहिली. शैला वळवी. कृषी सहायक.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात कार्यालयाने पाठवलेला कापसाच्या बोंडअळीवरचा मजकूर होता. मी नेहमीप्रमाणे विचारलं, किती प्रती, कोणता कागद. त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला. उभ्याउभ्याच मोठ्याने वाचायला लागल्या.

"'प्रादुर्भाव आढळून आल्यास शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी.' भाऊ, करावी म्हणजे कोणी?"

"शेतकऱ्यांनी," मी म्हणालो.

"मग हा कागद शेतकऱ्याशी बोलत का नाही? करावी, घ्यावी, टाळावी. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"ताई, सरकारी भाषा अशीच असते."

"असू द्या. पण हा कागद सरकारच्या घरी जाणार आहे का?"

मग त्यांनी माझ्याकडचं पेन घेतलं आणि तिथेच, काउंटरवर वाकून, अख्खा मजकूर बदलला. 'अळी दिसली? लगेच फवारू नका. आधी वीस हिरवी बोंडं तोडा, फोडा, मोजा. दोनमध्ये अळी निघाली तर फवारा. एकच निघाली तर थांबा, चार दिवसांनी परत फोडा.' अर्ध्या पानाचा मजकूर सहा ओळींत बसला. उरलेल्या जागेत काय टाकायचं विचारलं तर म्हणाल्या, "काही नको. माणसाला डोळे टेकवायला जागा लागते."

तेव्हापासून दर गुरुवारी त्यांची स्कूटी माझ्या दारात लागू लागली. उंचीने बेताच्या, पण चालणं असं की बरोबरच्याला अर्धं पळावं लागायचं. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत नेहमी काहीतरी आजारी असायचं. कधी पिवळं पडलेलं पपईचं पान, कधी चुरगळलेल्या मिरचीचा शेंडा, कधी औषधाच्या रिकाम्या बाटलीत जिवंत अळी. चहा आला की आधी बाटली माझ्या स्कॅनरवर ठेवायच्या. "हिचाच फोटो घ्या. आणि हिच्या खऱ्या मापाचा छापा. मोठी करून छापली तर माणूस तेवढ्या मोठ्या अळीची वाट बघत बसतो." माझ्याकडे लग्नपत्रिका ठरवायला आलेली मंडळी गणपतीचे नमुने सोडून त्या बाटलीकडे बघत बसायची.

ताई मूळच्या चिंचपाड्याकडच्या. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी, आणि नोकरी लागली ती अहिराणी बोलणाऱ्या सपाटीवरच्या गावांत. धानोऱ्याच्या बाजूची पाच-सहा गावं त्यांच्याकडे होती. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणारी, घरटी एखादा नोकरदार असलेली, चांगली खाऊनपिऊन असलेली घरं. तिथे पहिल्या वर्षी त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. एका नानांनी तर त्यांच्या देखत शेजाऱ्याला म्हटलं होतं, "आमना बापजादानी कापूस पिकाडा. आते हाई बाई आमले शिकाडी?"

ताई तिथेच होत्या. त्यांनी म्हटलं, "शिकाडाले नही उनी, नाना. तुमनं वावर दखाले उनी. दखाडतस का?"

वावर दाखवायला कोण नाही म्हणेल? नाना त्यांना घेऊन गेले. दोन तास फिरवलं. परत आल्यावर नानांनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला. हे मला ताईंनी नाही, नानांनीच पुढे छापखान्यात येऊन सांगितलं.

ताईंची एक खोड सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. कोणाला काहीही सांगून झालं की त्या तिथून हलायच्या नाहीत. म्हणायच्या, "आते तुम्ही मले सांगा." समोरचा जे सांगेल त्यावरून त्यांना कळायचं की आपण काय बोललो आणि त्याच्या कानात काय गेलं. या खोडीतून माझीही सुटका नव्हती. कागद किती जाडीचा, घडी कुठे पडणार, हे सांगून झालं की मलाही परत म्हणून दाखवावं लागे.

एकदा नंदुरबारला शेतकऱ्यांचं प्रशिक्षण होतं. मी फ्लेक्स लावायला गेलो होतो म्हणून मागे उभा राहिलो. वरून आलेले एक साहेब कामगंध सापळ्यावर तासभर बोलले. पडद्यावर चित्रं, तक्ते, बाण, सगळं होतं. मादी पतंगाचा वास लावलेली गोळी सापळ्यात ठेवायची, नर त्या वासाने येऊन खालच्या पिशवीत अडकतात, आणि किती अडकले त्यावरून अळीचा अंदाज येतो, एवढीच गोष्ट. आभार मानायचं काम ताईंकडे होतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "साहेबांनी छान सांगितलं. मागच्या रांगेतले काका, साहेब काय म्हणाले ते जरा सांगा."

काका दचकून उठले. "साहेब म्हनतस का, सापळा लावा."

"कोठे?"

"वावरमा."

"कितला उंच?"

काकांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने छताकडे पाहिलं. सभागृहात कोणालाच सांगता येईना. साहेबांचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, आता ताईंचं काही खरं नाही. पण ताईंनी टेबलावरचा सापळा उचलला आणि साहेबांच्याच हातात दिला. "साहेब, तुम्ही एकदा लावून दाखवता का? बघितलं की लक्षात राहतं."

साहेबांना ती प्लास्टिकची पिशवी सापळ्याच्या तोंडाला बसवता येईना. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतले काकाच पुढे गेले आणि म्हणाले, "द्या साहेब, मी करस." सभागृह हसलं, साहेबही हसले. माणूस मोठ्या मनाचा होता. मग ते खाली येऊन शेतकऱ्यांत बसले आणि सापळा हातोहात फिरला. झाडाच्या शेंड्यापेक्षा हातभर वर, एवढं मात्र त्या दिवशी सगळे पाठ करून गेले.

वीस बोंडांची गोष्ट थोडी वेगळी झाली. आमचा तो सहा ओळींचा कागद गावोगाव गेला. लोकांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. पंधरा दिवसांनी ताई पाहायला गेल्या तर बोंडं कोणीच फोडली नव्हती. त्या बांधावर बसल्या. समोर बायका कापूस वेचत होत्या. त्यांतल्या कमलबाई नावाच्या मजूर बाईला त्यांनी सहज विचारलं, "बाई, किडेल बोंड वळखू येस का तुम्हले?"

कमलबाई हसली. "वळखू न येवाले काय व्हयनं? आम्हले तं पयलेच दिसस. पन आम्हले कोन इचारस?"

तिने हात न थांबवता, झाडाझाडावरून, कळीचा मुरडलेला आकार बघून अळी कुठे आहे ते दाखवत नेलं. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं ते फूल. पुस्तकात त्याला डोमकळी म्हणतात. कमलबाईला नाव माहीत नव्हतं, बाकी सगळं माहीत होतं.

त्या गुरुवारी ताई छापखान्यात आल्या त्या तावातावाने. "भाऊ, ज्याला वाचता येतं तो वावरात नसतो. जी दिवसभर वावरात असते तिला वाचता येत नाही. आता काय छापता सांगा."

आम्ही त्या दिवशी बराच वेळ बसलो. शेवटी जो कागद तयार झाला त्यावर एकही अक्षर नव्हतं. वीस हिरवी बोंडं, चार रांगांत पाच-पाच. त्यांतली दोन फोडलेली, आत गुलाबी अळी. खाली फवारणीच्या पंपाचं चित्र. बाजूला दुसरा चौकोन, त्यात एकच फोडलेलं बोंड आणि पंपावर फुली. कार्यालयातून विचारणा झाली की यावर विभागाचं नाव का नाही. मग कोपऱ्यात बारीक टाकलं. बायका तो कागद वावरातल्या निंबाच्या खोडाला खिळ्याने ठोकून ठेवायच्या. दुपारी भाकर खायला बसल्या की ओटीतून आणलेली बोंडं मधे ओतायच्या आणि फोडायच्या. संध्याकाळी मालकाला सांगायच्या, "तीन निंघनात." मालकाला फवारावंच लागायचं. आणि एक निघालं तर, "आज राहू द्या." वावराच्या मालकाने मजूर बाईच्या तोंडून हे ऐकून घ्यायचं, ही त्या गावांत साधी गोष्ट नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

दोन-तीन वर्षं झाली असतील. मिरचीवर फुलकिडे आले होते. पानं वरच्या बाजूला मुरडून होडीसारखी व्हायची. कार्यालयाने घाईने माहितीपत्रक पाठवलं, त्यात औषधांचा तक्ता होता. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. मी तो नव्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. असं बदलताना कधी जोडाक्षर फुटतं, कधी रफार उडतो, ते मी दुरुस्त करतो. त्या दिवशी एक टिंब उडालं. दहा लिटर पाण्यात '३.० मिली' होतं, ते '३० मिली' झालं.

एरवी आमची पद्धत ठरलेली होती. मी मोठ्याने वाचायचं, ताईंनी मूळ कागदावर बोट फिरवायचं. त्या दिवशी मशीनवर दुसरं काम चालू होतं, आवाजात काही ऐकू येईना. ताईंनी एकटीनेच वाचलं आणि सही केली. पाचशे प्रती निघाल्या. त्यांतल्या निम्म्या दुसऱ्याच दिवशी वाटल्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुडकू नानांचा ताईंना फोन आला. हे तेच नाना, ज्यांनी पहिल्या वर्षी ती शेरेबाजी केली होती. "ताई, तुमना कागदमा तीस लिखेल शे. डबावर तं कमी लिखेल शे. काय धरू?"

ताई अर्ध्या तासात माझ्या दारात होत्या. "मूळ कागद काढा."

दोन्ही कागद शेजारी ठेवले. मी उडालेल्या टिंबाच्या जागी बोट ठेवलं. दहापट औषध. पिकाचं काय होईल ते होईल, पण पंप पाठीवर घेऊन वाऱ्यात उभा असतो तो माणूस असतो. मी म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. मी आत्ता तुमच्या साहेबांना फोन करून सांगतो."

"तुम्ही जे टाकलं ते मी वाचलं. वाचून सही केली. कोणाची चूक ते नंतर बघू. आधी सांगा, इथे किती कागद उरलेत?"

उरलेले मोजून बाजूला काढले. म्हणजे अडीचशे बाहेर होते. तालुक्याच्या साहेबांनी लगेच शुद्धिपत्रक काढायला सांगितलं आणि मसुदा माझ्या मोबाइलवर आला. 'उपरोक्त पत्रिकेतील तक्ता क्रमांक दोन, अनुक्रमांक तीन येथे ३० मिली ऐवजी ३.० मिली असे वाचावे.'

ताईंनी तो वाचला. "हे वाचून कोणी पंप खाली ठेवेल का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी रद्दीतला एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं. मी तो कागद जपून ठेवला आहे, म्हणून शब्दही तेच देतो.

'मन्ही चूक व्हयनी. मिरचीना कागदमा तीस लिखेल शे, ते चुकीचं शे. तीन. फक्त तीन. कोनी फवारा मारेल व्हई तं आत्ते मले फोन करा. शैला वळवी.' खाली त्यांचा नंबर.

"हा 'तीन' तळहाताएवढा छापा. अंकात नको, अक्षरात. पुन्हा टिंबाचा खेळ नको."

"ताई, निदान 'आमनी चूक' तरी लिहा," मी म्हणालो. "ऑफिसची आहे, माझी तर आहेच."

"आमनी लिहिलं की ती कोणाचीच राहत नाही. लोक ऑफिसला फोन करत बसतील. मला करायला पाहिजे."

साहेबांना त्यांनी फोनवर वाचून दाखवलं. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण ताईंचं आलं. "हो साहेब, अहिराणीतच... नाही साहेब, सरकारी कागदावर नाही छापत मग. साध्या कागदावर छापते... हो, जबाबदारी माझी. लेखी पाहिजे तर लेखी देते." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "लावा मशीन."

शाई वाळायच्या आत आम्ही निघालो. त्या स्कूटीवर, मी मोटरसायकलवर. गावं वाटून घेतली. त्यांनी मला एकच गोष्ट बजावली, "जुना कागद हातात घेतल्याशिवाय नवा देऊ नका. दोन्ही घरात राहिले तर कोणता खरा ते त्यांनी कसं ओळखायचं?" आणि मग मला परत सांगायला लावलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा माझंच छापलेलं परत मागत दारोदार हिंडलो. देवळाच्या भोंग्यावरून ताईंचा आवाज दुसऱ्या गावापर्यंत येत होता. मी तिकडे पोचलो तेव्हा मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. एकाने विचारलं, "ताई, चूक सरकारनी, तुम्ही कसाले माफी मांगतस?" ताई म्हणाल्या, "कागद तुम्हले सरकारनी दिन्हा का मी दिन्हा?" "तुम्ही." "मंग? आते सांगा, कितलं?" आणि सगळा पार एका आवाजात, शाळेतल्या मुलांसारखा म्हणाला, "तीन!"

संध्याकाळपर्यंत बहुतेक कागद परत आले. काहींची पुडी बांधून झाली होती, एक चुलीत गेला होता. पण शेवटच्या गावात उशीर झालेला होता. बारकू पाटलाने त्याच सकाळी फवारणी केली होती. स्वतःच, तीस मिलीने. दुपारी त्याला गरगरलं, उलट्या झाल्या, घरच्यांनी त्याला नंदुरबारला दवाखान्यात हलवलं होतं.

ताई घरी गेल्याच नाहीत. सरळ दवाखान्यात गेल्या, मीही गेलो. पोचल्या पोचल्या त्यांनी डॉक्टरांना औषधाचं नाव, प्रमाण, किती वेळ फवारलं, तोंडाला फडकं होतं की नव्हतं, सगळं नीट सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलं, घरचे नुसतं 'दवाई' म्हणत होते. दारात बारकूचा भाऊ उभा होता. तो ताईंवर जे बोलायचं ते बोलला. मी मधे पडायला गेलो तर ताईंनी मला हाताने थांबवलं. त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. एक शब्दही 'पण' म्हणून काढला नाही. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "खरं शे, दादा. मन्ही चूक शे. सकाळे मी वावरमा येस. तुम्ही बी या."

बारकू दोन दिवसांनी चालत घरी आला. मिरची मात्र भाजल्यासारखी झाली होती. ताईंनी दवाखान्याच्या दुसऱ्याच सकाळी बारकूच्या भावाकडून साध्या पाण्याची फवारणी करून घेतली, मग पाणी द्यायला लावलं, आणि त्यानंतर महिनाभर एक दिवसाआड त्या वावरात गेल्या. करपलेली पानं गळाली. खालून नवे फुटवे आले. पहिला तोडा गेला तो गेलाच, तो कोणालाच परत आणता आला नाही. दुसरा मात्र निघाला, आणि त्या वर्षी त्याच्याही मिरच्या गावाबाहेरच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेत, पडल्या. बारकूने मला तिथे बोलावून मूठभर दिल्या. मी घ्यायला कचरत होतो. तो म्हणाला, "घे रे भो. तू टिंब खादं, आते मिरची खा."

ताईंना कारणे दाखवा नोटीस आली. तिचं उत्तर त्यांनी माझ्याच संगणकावर टाइप करून घेतलं. तीन वाक्यांचं. चूक झाली. त्याच दिवशी दुरुस्त केली. यापुढे औषधाचं प्रमाण आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहीन. सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. ते मला त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की आज धडगावची बस उशिरा आहे. मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस टिंबं मोजत होतो. अजूनही मोजतो.

मला वाटलं होतं, आता त्या गावांत ताईंचं ऐकणार कोण? झालं उलटंच. पुढच्या ग्रामसभेत धुडकू नाना उठून म्हणाले, "डबावालाबी चुकस, मोबाइलवालाबी चुकस. पन चूक सांगाले घर घर कोन येस? हाई बाई उनी." तेव्हापासून ताईंचा फोन थांबेना. मोबाइलवर काही आलं की लोक ते जसंच्या तसं ताईंना पाठवायचे आणि खाली एकच शब्द लिहायचे, 'खरं?'

त्याच सुमारास पपईवरचा एक व्हिडिओ फिरत होता. कोणीतरी गॉगल घातलेला माणूस सांगत होता की आंबट ताक, गूळ आणि अजून काय काय घालून झाडाच्या बुडाशी ओता, आठ दिवसांत व्हायरस गायब. तापीकाठच्या गावातल्या अंबालालभाई पटेलांनी पिंपं भरून ठेवली होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या केळी आणि ऊस, पपई त्यांनी नवीनच धरली होती आणि पानं पिवळी पडायला लागली होती. त्यांनी ताईंना मुद्दाम बोलावलं ते सल्ला घ्यायला नव्हे, पिंपं दाखवायला.

ताईंनी 'हे खोटं आहे' असं म्हटलं नाही. म्हणाल्या, "अंबालालभाई, चार ओळी द्या मला. दोनमध्ये ओता, दोनमध्ये ओतू नका. मधे सुतळी बांधा. मी येईन बघायला."

"अन् फरक पडला तर?"

"तर तुमचा व्हिडिओ मी गावोगाव दाखवेन."

महिन्याने चारही ओळी सारख्याच पिवळ्या होत्या.  अंबालालभाईंनी मुलीला मोबाइल धरायला लावला, सुतळीजवळ उभे राहिले आणि बोलले. तो व्हिडिओ ताईंनी माझ्या दुकानात चारदा लावला. अंबालालभाई त्यात म्हणतात, "हाई बाजूले ताक टाकेल शे. हाई बाजूले टाकेल नही. मले तं काही फरक दिसना नही. तुम्हले दिसना तं सांगा. अन् ताक उरेल शे, कढी करसूत." गॉगलवाल्याच्या व्हिडिओमागे हा व्हिडिओ धावत सुटला. ताईंना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं. "भाऊ, माझ्या इतक्या वर्षांच्या कागदांपेक्षा हा माणूस बरा बोलला."

त्यांना वाईट वाटलं नाही. उलट त्यानंतर त्या स्वतः बोलण्याऐवजी शेतकऱ्याला मोबाइलसमोर उभं करू लागल्या. कमलबाईचाही एक व्हिडिओ आहे, बोंडं फोडतानाचा. त्यात ती कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नाही.

मागच्या वर्षी ताईंची सातपुड्यातल्या तालुक्यात बदली झाली. लोक म्हणाले, शिक्षा झाली. मी विचारलं तर म्हणाल्या, "मीच मागितली. इकडे आता तुम्ही सगळे आहात की." धुडकू नानांनी त्यांना निरोपाला साडी दिली. ताईंनी ती घेतली आणि नानांच्या बायकोला सांगितलं, पुढच्या हंगामात वीस बोंडं तुम्ही फोडायची.

मग बरेच महिने भेट नव्हती. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी डोंगरातल्या एका आश्रमशाळेचे फलक पोचवायला मी जीपने गेलो होतो. परतताना घाटातल्या वळणावर जीप थांबली. रस्त्याच्या कडेला एका दगडावर ताई उभ्या होत्या. पायात गमबूट, पिशवी खांद्याला. मी हाक मारणार तेवढ्यात दिसलं की त्या दरीपलीकडे बघत आहेत. समोरच्या उतारावर ज्वारीच्या वावरात एक बाई पाठीवर पंप घेऊन उभी होती, मुंगीएवढी दिसत होती. तिथे फोन लागत नाही.

ताईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडल्या. लांबवलेले, चढउताराचे शब्द, मला एकही कळला नाही. डोंगरातली पावरी बोली असावी. आवाज दरीत उतरला, पलीकडे चढला. मग त्या थांबल्या. हात कानामागे धरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. जरा वेळाने पलीकडून बारीक, तीक्ष्ण उत्तर आलं.

मी ड्रायव्हरला विचारलं, "काय म्हणाल्या ताई?"

"आज वारा आहे, औषध मारू नको, उद्या सकाळी मार."

"आणि ती?"

ड्रायव्हर हसला. "ती म्हणते, तिथून काय ओरडतेस, इकडे येऊन बघ."

मी परत रस्त्याच्या कडेला पाहिलं. ताई केव्हाच उतरू लागल्या होत्या.